४३ इंची टीव्ही, चिऱ्याची भिंत आणि गोव्याचा पाऊस: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

२०२२ च्या ऑक्टोबरात, दिवाळीआधी, परतीचा पाऊस विजांसकट बरसत होता आणि त्यातल्याच एका रात्री आमचा जुना ३२ इंची टीव्ही गेला. प्लग काढलेला होता, तरी गेला. डिशची केबल सेट टॉप बॉक्सला आणि बॉक्स टीव्हीला तसाच जोडलेला राहिलेला, त्या वाटेने विजेचा झटका आत शिरला. मेकॅनिकने उघडून दाखवलं तर एचडीएमआयच्या (सेट टॉप बॉक्सची वायर लागते त्या भोकाच्या) बाजूचं बोर्ड काळं पडलेलं. त्यामुळे बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं वाचा, गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची केबल आणि इंटरनेटची लॅन वायर पण काढायची.

आता नवीन टीव्ही. २० नोव्हेंबरला कतारचा वर्ल्ड कप सुरू होणार होता, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो, आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, अर्धे ब्राझिलचे, अर्धे अर्जेंटिनाचे आणि शेजारचं घर पक्कं पोर्तुगालचं. बजेट २५ हजार, ताणून २७. दुकानात गेल्यावर पहिला धक्का बसला तो ३२ आणि ४३ च्या किंमतीतल्या फरकाचा. तेव्हा, २०२२ मध्ये, ३२ इंचापर्यंत जीएसटी १८ टक्के होता आणि त्याच्यावर गेलात की २८ टक्के, आमच्या २६,४९० च्या बिलात जवळजवळ ५,८०० रुपये नुसता टॅक्स आहे. तरी ४३ च घेतला, कारण सोफ्यापासून भिंत आठ फूट आणि बाबांना ३२ वर बातम्यांखालची पट्टी वाचता येत नव्हती.

शोरूममध्ये सगळे टीव्ही चांगलेच दिसतात हो. व्हिविड मोड, ब्राईटनेस फुल, आणि कंपनीचेच फुलपाखरांचे आणि समुद्राचे व्हिडिओ. मी घरून पेनड्राईव्ह नेलेला, त्यात शिगमोच्या (आमच्या गोव्यातल्या शिमग्याच्या) मिरवणुकीचा रात्री मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आणि दिवसा मैदानावर काढलेली गावातल्या मॅचची क्लिप. सेल्समनला सांगितलं की मोड स्टँडर्डवर टाक आणि हे लाव. पाच मिनिटांत पाचपैकी दोन टीव्ही बाद झाले, एकात काळोखात सगळं एक काळा गोळा, दुसऱ्यात चेहरे लालभडक.

मग आईच्या खुर्चीचा प्रश्न. आमच्या हॉलमध्ये आई दाराजवळ बसते, म्हणजे टीव्हीला पार तिरकी. स्वस्त टीव्हीत साधारण दोन जातीचे पॅनल, म्हणजे पडदे, येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग खरंच काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडातला फरक) साधारण ३०००:१ किंवा वर, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूने चांगला पण कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, म्हणजे काळोखात काळा थोडा राखाडी दिसतो. बॉक्सवर हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि सेल्समनलाही बहुतेक वेळा माहीत नसतं. दुकानात बाजूला जाऊन उभं राहायचं आणि बघायचं, दुसरा उपाय नाही. एकाच मॉडेलच्या वेगळ्या लॉटला वेगळं पॅनल येऊ शकतं, म्हणून मी जो बॉक्स घरी न्यायचा तोच उघडून लावायला लावला. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीय, दरवर्षी मॉडेल बदलतं आणि नावावर जाऊन घेतलात तर आत हेच मिळेल याची खात्री नाही.

आम्ही आयपीएस घेतला आणि नऊ महिन्यांनी सांगतो, आमच्या घरासाठी तो निर्णय बरोबर होता. दिवसा दार उघडं, समोरून उजेड येतो, चार माणसं चार कोपऱ्यात, कोणाची तक्रार नाही. पण रात्री दिवे घालवून पिक्चर बघायला बसलात तर कोपऱ्यात राखाडी झाक दिसते, मला दिसते आणि खटकते. आम्ही टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा चालू ठेवतो, त्याने बरंच कमी जाणवतं. एचडीआर (उजेड आणि काळोख जास्त ठळक दाखवणारी सोय) लिहिलंय बॉक्सवर, त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका, एवढ्या कमी ब्राईटनेसच्या पॅनलवर त्याचा काही उपयोग होत नाही.

फोर केचं, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या पडद्याचं, पण सांगतो. ४३ इंचात आठ फुटांवरून फुल एचडी आणि फोर के यातला फरक मला ओळखता येत नाही. आणि बाबा जी चॅनल बघतात ती साध्या पॅकची, त्यांचं चित्र ७२० बाय ५७६ चं, फोर के पॅनलवर त्याच्या २० पट ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका ताणून वीस करायचे. पहिल्या आठवड्यात बाबा म्हणाले, "जुन्यावर बरं दिसायचं रे." बरोबर होतं त्यांचं. मग त्यांच्या तीन-चार चॅनलांपुरतं एचडी घेतलं आणि शार्पनेस शून्याजवळ आणला, तेव्हा सुधारलं.

वर्ल्ड कप मात्र मनासारखा झाला. ब्राझिल क्रोएशियाकडून पेनल्टीवर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने काढलं, दोन दिवस वाडा सुन्न. पहिले काही दिवस आम्ही ॲपवर बघत होतो, पण ॲप थोडं मागे चालतं, शेजारी डिशवर बघतात, त्यामुळे आमच्याकडे बॉल हाफलाईनवर आणि बाजूच्या घरातून "गोल" म्हणून ओरडा. १८ डिसेंबरच्या फायनलला म्हणून डिशच लावली, ३-३ आणि मग पेनल्टी, वीस-बावीस माणसं हॉलमध्ये आणि बाल्कांवात (पुढच्या ओसरीत), आणि दाराशी उभ्या असलेल्यांनाही चित्र नीट दिसलं.

ॲप अडकायचं त्याला टीव्ही जबाबदार नव्हता, भिंत जबाबदार होती. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आतल्या भिंतीपण जाड, राऊटर पुढच्या खोलीत, दोन भिंती ओलांडेपर्यंत वायफाय अर्धमेलं. बारा मीटर लॅन वायर ओढली आणि प्रश्न संपला. अशा टीव्हीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो, फोर के व्हिडिओला २५ पुरतात.

त्याच चिऱ्याने भिंतीवर टांगायचं पण बिघडवलं. इन्स्टॉलेशनचा मुलगा ड्रिल घेऊन आला, दोन भोकं पाडली, दोन्हीकडे चिरा भुगा होऊन खाली, स्क्रूचा प्लग धरेचना. टीव्ही सात-आठ किलोचाच, पण भोक सैल असेल तर एवढं वजनपण खाली येतं. त्याचं म्हणणं होतं की लांब बोल्ट मारून आधी लाकडी फळी बसवू. मी नको म्हटलं, टेबलावर स्टँडवरच ठेवला, आणि जुलै बघितल्यावर बरं वाटलं, कारण त्या भिंतीला पावसात ओल येते, हात लावला की गार लागतं. टेबल भिंतीपासून सहा इंच पुढे घेतलंय. पावसात रोज अर्धा-एक तास तरी टीव्ही लावतो, आतल्या गरमीने दमटपणा कमी होतो. मागच्या जाळीतून मुंग्या आत जाताना एकदा दिसल्या, तेव्हापासून टेबलाचे पाय आणि मागची बाजू दर रविवारी पुसतो. जाळी कापडाने झाकू मात्र नका, गरमी बाहेर कुठून जाणार.

आवाज ही खरी कमजोरी. २० वॅट लिहिलंय, पण स्पीकर खालच्या बाजूला. पुढच्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला आणि वर पंखा चालू असला की बातम्या ऐकूच येत नाहीत. जुने दोन स्पीकरवाले सिस्टीम हेडफोनच्या भोकात जोडले, चालून गेलं. बजेटमध्ये दोन-तीन हजार आवाजासाठी बाजूला ठेवा.

पाचव्या महिन्यात एक अपडेट आला आणि सेट टॉप बॉक्सचा पोर्ट ओळखणं बंद. तक्रार केल्यावर माणूस पाचव्या दिवशी आला, वॉरंटीत बोर्ड बदललं, पैसे घेतले नाहीत, पण बाबांचे पाच दिवस नाटकांशिवाय गेले आणि तो राग मला अजून आहे. घेण्याआधी विचारा की सर्व्हिसचा माणूस गोव्यातूनच येणार का बाहेरून. नंतर टीव्ही हळू पण झालेला, मेनू उघडायला तीन-चार सेकंद, नको ती ॲप काढली आणि आठवड्यातून एकदा प्लग काढून परत लावतो, आता ठीक चालतो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, ऑफर सुरू झाल्या की बरेच जण घेतात. आमच्याकडे चवथीला गणपती याच हॉलमध्ये बसतो, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट) बांधायला टीव्हीची जागा रिकामी करावी लागते. स्टँडवर असल्यामुळे दोघांनी उचलला की आतल्या खोलीत. लॅन वायर तिथपर्यंत पोचते का ते काल मोजून बघितलं, दीड मीटर कमी पडतेय, शनिवारी फोंड्याला गेलो की नवीन आणतो.