.22 वाल्यांसाठी बोअरस्कोप: जरूर घ्या, पण बॅरल गेली की नाही ते त्याच्यावरून ठरवू नका

आधीच सांगतो, बोअरस्कोप, म्हणजे बॅरलच्या (रायफलच्या नळीच्या) आत घालून भिंत बघायचा बारीक कॅमेरा, चांगली वस्तू आहे. दहा-बारा हजारांच्या घरात जाते आणि ज्यांच्याकडे .22 कॅलिबरची मॅच रायफल (स्पर्धेची रायफल) आहे त्यांनी एकट्याला जड जात असेल तर चौघांत मिळून घ्यावी. पण बहुतेक जण ज्या कारणासाठी घेतायत, म्हणजे "बॅरल झिजून संपली का ते एकदा बघून टाकू", त्या कारणासाठी घेणार असाल तर जरा थांबा आणि हे वाचा, कारण आमच्या ठाण्याच्या शूटर मंडळींत नुसत्या स्क्रीनशॉटवरून धडधाकट बॅरलला बाद म्हणायची वेळ आली होती आणि ते बघून मला राहवलं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या प्रकारचे जे तीन-चार मी हाताळले ते सगळे चायनीज आणि मला तरी सारखेच वाटले. घेताना बघायचं ते एवढंच की रॉड कडक हवा, टोक 5 मिमीचं हवं आणि टोकाला 90 अंशात बघणारा आरसा हवा. एसीच्या पाइपात आणि गाडीच्या इंजिनात घालायचे वायरसारखे वाकणारे हजार-पंधराशेवाले कॅमेरे मिळतात ना, ते घेऊ नका, ते सरळ समोर बघतात आणि आपल्याला बघायची असते बाजूची भिंत, म्हणजे रायफलिंगचे (आतल्या पिळाचे) उंचवटे आणि खाचा, लँड आणि ग्रूव्ह, आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढचा थ्रोट. .22 ची बॅरल आतून साडेपाच मिमीच्या आसपास असते त्यामुळे 5 मिमीचं टोक जेमतेम जातं, जबरदस्ती करायची नाही, आधी कोरडे पॅच (कापडाचे तुकडे) मारून घ्यायचे नाहीतर आरशाला तेल लागतं आणि मग सगळं धुक्यात बघितल्यासारखं दिसतं. बोल्ट काढायचा, मागून चेंबरच्या बाजूनं घालायचा, मोबाईल ओटीजीवाला (यूएसबी कॅमेरा जोडता येणारा) पाहिजे, लॅपटॉप असेल तर उत्तम कारण मोठ्या स्क्रीनवर फोकस नीट कळतो. आरशाची नळी आट्यांवर बसते आणि फोकस तिथूनच होतो, त्यामुळे रॉड एकाच दिशेनं फिरवायची सवय लावा, उलटा फिरवत राहिलात तर नळी सैल होते. आणि रॉडवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा म्हणजे आतली खालची बाजू कुठली ते कळतं. हे का महत्त्वाचं ते पुढे येतंच.

पहिल्यांदा आत बघितल्यावर पोटात गोळा येतो हे प्रत्येकाला होतंय. एवढं मोठं करून दाखवतं की कारखान्यातून आलेल्या नव्याकोऱ्या बॅरलमध्ये पण रीमरच्या (भोक मापात आणणाऱ्या हत्याराच्या) आडव्या रेघा दिसतात, लॅप केलेली (आतून घासून गुळगुळीत केलेली) असेल तर लांबीच्या दिशेनं बारीक ओरखडे दिसतात, त्यात शिसं आणि मेणाचे डाग. हे सगळं नॉर्मल आहे, अशा बॅरलनं लोकं मॅच जिंकतात. म्हणून नवीन रायफल आली की पहिल्याच दिवशी आतले फोटो काढून ठेवा, तेव्हा नाही काढले तर निदान आज काढा. पुढे दोन वर्षांनी बघाल तेव्हा कशाशी तरी ताडून बघता आलं पाहिजे, नाहीतर सुटा फोटो बघून कोणीही काहीही सांगतं.

आता खरी झीज कशी दिसते. मोठ्या रायफलींमध्ये, म्हणजे सेंटरफायरमध्ये, दारूचा गॅस स्टीलच्या वितळायच्या तापमानापेक्षा किती तरी जास्त गरम असतो, असतो मात्र काही मिलिसेकंदच. तेवढ्यात थ्रोटचा वरचा पातळ थर तापतो, लगेच गार होतो, पुन्हा तापतो, असं होत होत तो कडक होऊन त्याला जाळीसारख्या चिरा पडतात आणि मग बारीक कण निघून जायला लागतात. थ्रोट पुढे सरकतो. तिथे लोकं गोळीला रायफलिंग कुठे टेकते ते मोजून ठेवतात, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग बघतात, त्याच लोडचा (तेवढ्याच दारूच्या काडतुसाचा) वेग उतरायला लागला आणि शॉटमागे शॉट फरक वाढला की बॅरल झिजली समजायचं. 6.5 क्रीडमूरसारख्या कॅलिबरला मॅचच्या दर्जाचं आयुष्य साधारण 2000 ते 3000 राउंड (गोळ्या) धरतात, .308 आरामात 5000 च्या आसपास जाते, आणि जिथे लहान भोकातून जास्त दारू जाळायची असते तिथे हजारातच खेळ आटोपतो.

वागळे इस्टेटमध्ये आमच्या ओळखीचे एक काका आहेत, ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचं (स्टीलच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, पार्ट ओतायचं) युनिट आहे त्यांचं, त्यांना क्लबच्या खूप चाललेल्या एका जुन्या .22 चा फोटो दाखवला. चेंबरच्या लगेच पुढे खडबडीत पट्टा आणि त्यात बारीक जाळी. ते बघताक्षणी म्हणाले, "अरे हे तर हीट चेकिंग, आमच्या डायला रोज होतं." वितळलेलं ॲल्युमिनियम आत, मग स्प्रेचा गार फवारा, परत ॲल्युमिनियम. मी विचारलं मग डाय बदलता का लगेच? म्हणाले, "नाही रे बाबा, डाय बघून कोण बदलतं, पार्टवर त्याच्या रेघा उमटायला लागल्या की मग बदलायची." मला इतक्या दिवसांत बॅरलबद्दल यापेक्षा नेमकं कोणी सांगितलेलं नाही. आपला पार्ट म्हणजे टार्गेट.

.22 मध्ये तर हे जास्तच लागू आहे. एका .22 च्या काडतुसात दारू असते दीड-दोन ग्रेन (वजनाचं छोटं माप), .308 मध्ये चाळीसच्या आसपास. प्रेशर निम्म्याहून कमी, गोळी मऊ शिशाची आणि वरून मेण किंवा ग्रीस. त्यामुळे बॅरल हजारात नाही, दहा-दहा हजारांत मोजायची, चांगली ठेवली तर 40-50 हजार राउंडनंतरही चालणाऱ्या आहेत. झीज होते ती मुख्यतः चेंबरच्या पुढच्या एखाद इंचात आणि तीही खालच्या बाजूला जास्त, कारण रिमफायरच्या, म्हणजे .22 सारख्या कडेवर ठोकर बसणाऱ्या काडतुसाच्या, प्रायमरमध्ये (ठिणगी देणाऱ्या मसाल्यात) घर्षणासाठी काचेची बारीक पूड वापरतात, तिचा अवशेष तळाला बसतो आणि पुढची गोळी त्याच्यावरून घासत जाते. म्हणून मघाशी नेलपॉलिशचा ठिपका सांगितला. खालच्या बाजूला खडबडीतपणा आणि वरची बाजू गुळगुळीत असं दिसलं तर ती वापराची खूण, तेवढ्यावरून बॅरल गेली म्हणायचं नाही.

बोअरस्कोपचे पैसे खरे वसूल झाले ते कार्बन रिंगमध्ये. काडतुसाच्या केसचं (पितळी नळीचं) तोंड जिथे संपतं तिथे काजळी, मेण आणि शिसं मिळून एक कडक कडं बसतं, पॅच आणि फेल्टचे (नमद्याचे) तुकडे वरून घसरत जातात आणि आपल्याला वाटतं साफ झाली. आमच्यातल्या एका ज्युनियरच्या रायफलचे ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचे झुबके) असेच पसरत चालले होते, मधूनच एखादी गोळी विनाकारण 9 मध्ये, पोरगी बिचारी स्वतःच्या ट्रिगरला दोष देत होती आणि तिचे बाबा मला म्हणाले, "दादा, बॅरल गेली असं सगळे म्हणतायत, काय करू?" बघितलं तर थ्रोट बरा होता, काळी जाड रिंग होती. कार्बनचं सॉल्व्हंट टाकून मुरू दिलं, ब्रॉन्झ ब्रश थोडा चेंबरपाशी निगुतीनं फिरवला, पुन्हा स्कोप, पुन्हा सॉल्व्हंट, अशी रिंग जाईपर्यंत. मग थोड्या गोळ्या मारून बॅरल परत मेणावर आणली (आत मेणाचा थर बसू दिला) आणि ग्रुप पूर्वीसारखा. तिथे स्कोप नसता तर त्या माणसानं लाखाच्या खर्चाची तयारी सुरू केली असती.

दुसरा उपयोग पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर ठाण्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे क्रोममॉली स्टीलची काय कथा, स्टेनलेस बॅरल पण पूर्ण सुरक्षित नसते. वरळीच्या शूटिंग रेंजवरून भर पावसात रायफल आणली आणि केसमध्येच ठेवून दिली की आतल्या फोममध्ये ओल राहते. स्कोपमध्ये गंजाचा लाल ठिपका सुरुवातीलाच दिसतो, तेव्हा निघतो, खड्डा पडला की मग नाही. या एका गोष्टीसाठी मी पावसाळ्यात नियमित बघतो.

तिसरं क्राउन, म्हणजे मझलची कड. ती साध्या भिंगानं पण बघता येते. तिथे टोला लागलेला असेल किंवा क्लिनिंग रॉड वर्षानुवर्षं घासून एका बाजूनं कड गेली असेल तर बाकी बॅरल नवीन असून उपयोग नाही. पण क्राउन लेथवर परत काढता येतो, बॅरल टाकायची गरज नाही. बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) न लावता पुढून रॉड घालणाऱ्यांनी हे वाचून तरी थांबावं, कितीतरी बॅरल गोळीनं कमी आणि साफसफाईनं जास्त मरतात.

मग बॅरल खरंच गेली हे कळणार कसं? 50 मीटरच्या टार्गेटवर 10 ची रिंग 10.4 मिमीची आहे आणि गोळी 5.6 ची, रिंगला नुसती टेकली तरी 10, म्हणजे ग्रुप बाहेरून बाहेर 21.6 मिमीच्या आत आणि मध्यावर असेल तर सगळे 10. चांगली बॅरल आणि तिला जुळलेली गोळ्यांची बॅच यापेक्षा बरीच आत राहते, आणि राहायलाच हवी, कारण बाकीची जागा आपल्या चुकांसाठी लागते. तर रायफल क्लॅम्प करून, शूटर बाजूला ठेवून, एकाच बॅचच्या गोळ्यांचे दहा-दहाचे ग्रुप काढा आणि वहीत चिकटवा, शेजारी एकूण राउंड लिहा. त्याआधी ॲक्शनचे (बोल्टच्या यंत्रणेचे) स्क्रू ठरलेल्या टॉर्कवर आहेत का, डायऑप्टर (मागची साइट) हलतोय का, हे बघून घ्या. मग बॅच बदलून बघा, हे फार जण करत नाहीत. .22 ची बॅरल बॅचच्या बाबतीत फार चोखंदळ असते, एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यांत पण बॅच नंबर बदलला की ग्रुप बदलतो. उगाच नाही लापुआ आणि इली या काडतुसांच्या कंपन्यांनी, लापुआनं जर्मनीत श्योनेबेकला आणि इलीनं बर्मिंगहॅमजवळ, खास टेस्ट रेंज ठेवलीय, जिथे लोक आपली रायफल घेऊन बॅच निवडायला जातात.

एवढं सगळं करून जुळलेल्या बॅचला पण ग्रुप मोठे, साफ केली की थोडे राउंड बरी चालते आणि मग परत पसरते, आणि हे "थोडे राउंड" दर महिन्याला कमी कमी होत चाललेत, वहीत तसं दिसतंय, तर बॅरल गेली. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे. अशा वेळी स्कोपमध्ये खडबडीत थ्रोट दिसला तर तो पुरावा म्हणून जोडायचा. त्यातही काही वेळा चेंबरकडचा खराब भाग कापून नव्यानं चेंबर करता येतं आणि तीच बॅरल परत उभी राहते, अर्थात ते काम परवाना असलेल्या, हात बसलेल्या माणसाकडूनच.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त नाजूक आहे कारण आर्म्स ॲक्टमध्ये हत्याराचे भागसुद्धा हत्यारातच धरलेत, .22 ची बॅरल ऑनलाइन मागवून घरी बसवायची वस्तू नाही, परवानगी, आयात, खर्च आणि वाट बघणं आलं. तोवर पोराचा सीझन जातो. त्यामुळे बॅरल गेली हे वाक्य कोणी हलकं घेऊन बोललं की मला राग येतो.

आणि 10 मीटर एअर रायफलवाल्या पालकांनो, तुम्ही हा घेऊच नका. रुद्रांक्ष पाटील 2022 ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला तो आपल्या ठाण्याचा, त्यामुळे इथे घराघरात एअर रायफल आलीय आणि मला सगळ्यात जास्त फोन त्यांचेच येतात. 4.5 च्या बॅरलमध्ये 5 मिमीचं टोक जाणारच नाही. आणि तिथे आग नाही, गरम गॅस नाही, साडेसात ज्यूलच्या आसपासची हवा आणि मऊ पेलेट (छर्रा), ती बॅरल तुमच्या मुलाच्या करिअरमध्ये झिजणार नाही. ग्रुप पसरले तर पेलेटचा साइज बदलून बघा, फेल्टनं साफ करा, सील आणि रेग्युलेटर तपासून घ्या, आणि हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा, मुदत संपली असेल तर तो बदला, मॅचला इक्विपमेंट कंट्रोलवाले (साहित्य तपासणारे) तेच बघतात.

तक्रारी म्हणाल तर दोन. सोबत येणारं ॲप मोबाईलवर मधूनच बंद पडतं, लॅपटॉपवर साधं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर जास्त बरं चालतं. आणि सोबतची पेटी अगदी तकलादू आहे, रॉड वाकला की संपलं, त्यामुळे प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्हीकडे झाकण लावून त्यात ठेवा. घेताना रॉडची लांबीही बघून घ्या, .22 च्या लांब बॅरलमध्ये मागून घातला तर मझलपर्यंत पोचत नाही, पुढचा भाग पुढूनच बघावा लागतो, आणि तेव्हा क्राउनला रॉड टेकू द्यायचा नाही.