गीतकारांनो, ‘नोंदणी फी’ मागणाऱ्यांपासून सांभाळा

4 गाण्यांचे 48,000 रुपये ठरले होते. मिळाले 10,000. वर ‘कॉपीराइट नोंदणी’ म्हणून गाण्यामागे 6,500 प्रमाणे 26,000 माझ्याकडूनच उकळले. बुडालेलं मानधन धरून 64,000चा फटका, आणि गाणी यूट्यूबवर आली ती भलत्याच माणसाच्या नावावर.

पद्धत नेहमीचीच. डमी बोलांसकट (चाल कळावी म्हणून घातलेल्या तात्पुरत्या शब्दांसकट) चाल येते, पहिला हप्ता लगेच जमा होतो, शेवटचा अंतरा हाती पडला की फोन बंद. संताप येतो तो करारातल्या एका रकान्याचा. 100 रुपयांच्या स्टँपपेपरवर चारही गाण्यांची नावं छापलेली, संगीतकाराचं नाव छापलेलं, गीतकाराचा रकाना मात्र कोरा! विचारलं तर उत्तर, ‘सोसायटीला (रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) पाठवताना भरतो, सगळ्यांचं असंच असतं.’ सही तिथेच थांबायला हवी होती. पण दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्याला काम मिळतं ते ओळखीतून. रकान्यावर अडून बसलं की पुढची चाल दुसऱ्याकडे जाते, आणि ही माणसं नेमकी त्यावरच जगतात.

नोंदणीची सरकारी फी एका साहित्यकृतीला 500 रुपये. म्हणजे 4 गाण्यांचे 2,000. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो, तो मागा आणि कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. क्रमांक देत नसतील तर अर्ज झालेलाच नाही असं धरा. मुळात नोंदणी सक्तीची नाहीच. गाणं लिहिलं की हक्क तयार होतो. नोंदणी हा पुरावा. पैसे कंपनीऐवजी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, तर विषय तिथेच संपवा.

आता दाद मागायची कुठे? पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ सायबरवाले म्हणाले, करार कागदावर झालाय, आमच्याकडे येत नाही. कॉपीराइट कार्यालय म्हणतं, तपास आमचं काम नाही. अहो, कॉपीराइट कायद्याचं कलम 63 कशासाठी आहे? जाणूनबुजून हक्कभंग केला तर 6 महिने ते 3 वर्षं कैद. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. निकालाची प्रत टेबलावर ठेवली, तरी उत्तर काय, तर ‘साहेब आल्यावर बघू’. मोबाइल चोरीला गेला असता तर निदान अर्जावर शिक्का तरी मिळाला असता. गाणं चोरीला गेलं की तक्रारदारालाच कायदा समजावून सांगावा लागतो, तोही उभ्याने.

करारात ‘रॉयल्टीसह सर्व हक्क कायमचे’ लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. वाटा सोडल्याचं कलम करारात असलं तरी ते रद्दबातल. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व स्वतः घ्या आणि गाण्याची माहिती स्वतः भरा, कंपनीवर सोडू नका. बोल पाठवायचे ते ईमेलने, तारखेसकट.

चॅट असलेला फोन विकू नका, रीसेटही करू नका. नुसते स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. अशी ‘फी’ आणखी कुणी भरली असेल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक काढून ठेवा. 4-5 जणांनी एकत्र लेखी तक्रार थेट पोलीस आयुक्तालयात द्यायची आहे.