गायस बाल्टार : एका फितुरासाठी घ्यावा असा ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा संच

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या २००४ ते २००९ या काळातील विज्ञानकथा-मालिकेचा संपूर्ण ब्लू-रे संच विकत घेण्याजोगा आहे का, असे बेळगावातील काही मित्रांनी मला विचारले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे आणि त्याचे मुख्य कारण मालिकेतील अंतराळयुद्धे नसून गायस बाल्टार हा फितूर आहे. चार हंगाम चालणाऱ्या या मालिकेने एका विश्वासघातक्याच्या मनाचा जेवढा धीराने माग काढला आहे, तेवढा मी दूरचित्रवाणीवर दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही.

कथा थोडक्यात सांगतो. माणसांच्या बारा वसाहती आहेत आणि माणसांनीच घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव त्यांच्यावर उलटले आहेत. बाल्टार हा कॅप्रिका या वसाहतीतील नामांकित शास्त्रज्ञ. एका स्त्रीच्या मोहात पडून तो तिला संरक्षण खात्याच्या संगणकप्रणालीत शिरकाव करू देतो. ती स्त्री सायलॉन निघते, बाराही वसाहतींवर अणुहल्ला होतो आणि साऱ्या मानवजातीतून पन्नास हजारांच्या आसपास माणसे काही जहाजांतून कशीबशी निसटतात. त्या पन्नास हजारांत बाल्टारही असतो आणि आपल्या हातून काय घडले हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या आरंभीच्या लघुमालिकेत तो कसा वाचतो, हा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. एका लहान यानात मोजक्याच जागा उरल्या आहेत आणि चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली जात आहेत. चष्मा हरवलेली एक वृद्ध स्त्री शेजारी उभ्या असलेल्या बाल्टारला आपल्या चिठ्ठीवरचा आकडा वाचून दाखवायला सांगते. तोच आकडा पुकारला जातो. कॅमेरा बाल्टारच्या चेहऱ्यावर थांबतो आणि ही चिठ्ठी आपलीच म्हणून सांगावी का, हा विचार त्या चेहऱ्यावरून सरकताना आपल्याला स्पष्ट दिसतो. तेवढ्यात एक अधिकारी त्याला ओळखून नावाने हाक मारतो, तर याच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते आपण काहीही केलेले नाही, असे. हा अधिकारी पुढे स्वतःची जागा त्याला देतो. जेम्स कॅलिस या अभिनेत्याने त्या काही क्षणांत भीती, हिशेब आणि लाज एकामागोमाग एक दाखवली आहे, आणि पुढच्या साऱ्या मालिकेत हा माणूस कसा वागणार, याची कल्पना आपल्याला तिथेच येते.

१९७८ च्या मूळ मालिकेतही बाल्टार होता, परंतु जॉन कॉलिकॉस यांनी रंगवलेला तो बाल्टार सत्तेसाठी उघडउघड शत्रूला मिळालेला होता. त्या कथेच्या चित्रपटगृहांतील आवृत्तीत सायलॉन त्याचा शिरच्छेद करतात, तर दूरचित्रवाणीवर त्याला जिवंत ठेवून पुढच्या भागांत खलनायक म्हणून वापरण्यात आले. ते काम ठसकेबाज आहे, पण त्या माणसाच्या आत शिरायला वाव नाही. नव्या मालिकेचे कर्ते रोनाल्ड डी. मूर यांनी नेमका तो वाव निर्माण केला.

आपल्याकडे फितुराची गोष्ट सहसा एका वाक्यात आटोपते. आमच्या खानापूर तालुक्यातील नंदगड येथे १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला फाशी देण्यात आले, हे या भागातील मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतील मुले लहानपणीच ऐकतात. त्याला आपल्याच माणसांच्या फितुरीने पकडून देण्यात आले, हेही त्याच दमात ऐकतात. मात्र पकडून देणाऱ्याला त्या रात्री झोप लागली का, दुसऱ्या दिवशी त्याने गावात तोंड कसे दाखवले, हे कोणी सांगत नाही. वीराच्या कथेत ते सांगण्याचे कारणही नसते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नेमकी तिथून सुरू होते, आणि म्हणून सूर्याजी पिसाळाचे नाव शिवीसारखे वापरत आलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना ती अधिक खोलवर भिडते, असा माझा अनुभव आहे.

पहिला घात बाल्टारने अजाणता केलेला असतो, पण तो झाकण्यासाठी पुढचे घात तो जाणूनबुजून करत जातो. माणसांच्या वेषातील सायलॉन ओळखण्याची चाचणी तयार करण्याचे काम त्याच्यावरच सोपवले जाते. एका तरुण महिला वैमानिकाची चाचणी ती सायलॉन असल्याचे दाखवते, तेव्हा जिवाच्या भीतीने तो तिला निर्धोक ठरवतो. या चाचणीसाठी म्हणून मागून घेतलेले अण्वस्त्र तो दुसऱ्या हंगामात एका सायलॉन स्त्रीच्या हाती देतो, ती त्याचा स्फोट घडवते आणि त्या स्फोटाच्या खुणेवरूनच वर्षभराने सायलॉन माणसांच्या नव्या वस्तीपर्यंत पोहोचतात. त्या वेळी बाल्टार निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष असतो. ही कारणांची साखळी लेखकांनी कुठेही बोट दाखवून समजावलेली नाही, प्रेक्षकाने ती स्वतः जोडायची आहे, आणि संच हाताशी असल्याचा मोठा लाभ हाच की मागचे भाग काढून ती पुन्हा तपासता येते.

न्यू कॅप्रिका या ग्रहावरील सायलॉनांच्या ताब्याचा काळ हा मालिकेचा कळस आहे. ओलीस धरलेल्या माणसांच्या मृत्युदंडाच्या आदेशावर बाल्टारची सही हवी असते. तो नकार देतो, हे महत्त्वाचे आहे. मग त्याच्या डोक्याला पिस्तूल लावले जाते आणि तो सही करतो. आमच्या घरी हा भाग सर्वांनी मिळून पाहिला, तेव्हा आई उसळून म्हणाली, “ह्याला अजून जिवंत कसं सोडलंय की रे?” तिला इंग्रजी फारसे कळत नाही, तरीही त्या माणसाचा थरथरणारा हात तिला पुरेसा होता. हा भाग संपल्यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला. त्या जागी आपण सही केली नसती, असे छातीठोकपणे म्हणणारा एकही जण पुढे आला नाही, आणि तरीही त्याला क्षमा करायला कोणीही तयार नव्हते.

तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस चालणारा खटला मला संपूर्ण मालिकेत सर्वांत श्रेष्ठ वाटतो. जहाजावर जिवंत उरलेल्या प्रत्येकाने काही ना काही पाप केलेले असते, कोणाला ना कोणाला माफीही मिळालेली असते आणि आता साऱ्यांचे खापर एकाच माणसाच्या डोक्यावर फोडून मोकळे व्हायचे असते. सेनापती अडामा यांचा मुलगा ली साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हे बोलून दाखवतो, तेव्हा न्यायालयातला राग हळूहळू अस्वस्थतेत बदलतो. पाच न्यायाधीशांपैकी तिघे बाल्टारला निर्दोष ठरवतात आणि त्या तिघांत स्वतः अडामा असतात. याच खटल्यात फेलिक्स गाएटा हा बाल्टारचा एके काळचा सहायक खोटी साक्ष देतो. ताब्याच्या काळात जिवावर उदार होऊन बंडखोरांना गुप्त बातम्या पुरवणारा हा सरळ माणूस चौथ्या हंगामात स्वतःच बंड करतो आणि मृत्युदंडाला सामोरा जातो. बाल्टार मात्र तगतो. या दोघांना शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मालिका पूर्ण कळत नाही, असे माझे मत आहे.

सीमाभागातील वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. बाल्टार मुळात एरिलॉन या शेतीप्रधान, गरीब समजल्या जाणाऱ्या वसाहतीतला, शेतकऱ्याचा मुलगा. कॅप्रिकावर मान मिळावा म्हणून त्याने आपल्या गावाकडचे बोलणे घासूनपुसून टाकलेले असते, आणि तुरुंगात एका प्रसंगी तो ते जुने बोलणे पुन्हा काढून दाखवतो. निपाणी, चिकोडी, खानापूर इथून शिकायला आणि नोकरीला बाहेर पडलेल्या, घरी एक आणि कचेरीत दुसरे बोलणाऱ्या आमच्या मुलांना त्या दृश्यातील अवघडलेपण कोणी समजावून सांगावे लागत नाही. आपली मुळे लपवणे म्हणजे फितुरी, असा सोपा निष्कर्ष मालिका काढत नाही. परंतु मोठे दिसण्याची जी भूक त्याला त्या स्त्रीच्या जाळ्यात नेते, ती याच लपवण्यातून वाढलेली आहे, हे तिने फार संयमाने दाखवले आहे. मार्च २००९ मधील शेवटच्या भागात आपल्याला शेती येते, असे तो रडत सांगतो, तेव्हा त्याचा वर्षानुवर्षे जपलेला ताठा गळून पडतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चौथ्या हंगामात बाल्टार एका पंथाचा गुरू होतो, ते भाग लांबले आहेत आणि त्याच्या भक्तांपैकी एकही पात्र नीट उभे राहत नाही. चित्र अनेक ठिकाणी मुद्दाम दाणेदार ठेवलेले आहे. तो तबकडीचा दोष नव्हे, पण मोठ्या पडद्यावर ते काहींना खटकेल. माझ्याकडील संचात मराठी किंवा हिंदी संवाद नाहीत, इंग्रजी उपशीर्षकांवर भागवावे लागते आणि घरातील ज्येष्ठांसाठी कोणीतरी मधूनमधून सांगत बसावे लागते. शीर्षकसंगीत सुरू होताच मात्र त्यांनाही ओळख पटते, कारण त्यात गायत्री मंत्राचे शब्द गायलेले आहेत.

परदेशातून संच मागवणार असाल तर वेष्टणावरील विभाग आधी तपासून घ्यावा, कारण ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो. विभागाचे बंधन नसलेली प्रत मिळाल्यास तीच घ्यावी. पाहताना २००३ ची लघुमालिका कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. ‘रेझर’ हा स्वतंत्र चित्रपट तिसऱ्या हंगामानंतर पाहावा. वेळ फारच कमी असेल तर लघुमालिका, तिसऱ्या हंगामाचे पहिले चार भाग आणि त्याच हंगामाच्या अखेरचा खटला एवढे पाहिले, तरी बाल्टार नीट भेटेल.