डॅलसजवळच्या एका मेथडिस्ट चर्चचे रविवारचे पाळणाघर: एका आईचा सविस्तर अभिप्राय

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरातील युनायटेड मेथडिस्ट (हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चर्चमध्ये रविवारच्या उपासनेच्या वेळी जे पाळणाघर चालते, त्याबद्दल हा अभिप्राय आहे. सहा आठवड्यांच्या बाळापासून तीन वर्षांपर्यंतची मुले तेथे सांभाळली जातात. त्यासाठी शुल्क घेतले जात नाही. दोन पगारी सेविका वगळता सर्व काम मंडळीतील, म्हणजे चर्चच्या सभासदांतील, स्वयंसेवक करतात. आमची मुलगी दहा महिन्यांची आणि मुलगा अडीच वर्षांचा असल्यामुळे तान्ह्या बाळांची खोली आणि दुडदुडणाऱ्या मुलांची खोली अशा दोन्हींचा आम्हाला अनुभव आहे. पुढे काही उणिवाही लिहिल्या असल्याने चर्चचे नाव दिलेले नाही. परदेशात नव्याने आलेल्या मराठी ख्रिस्ती पालकांना अशा ठिकाणी काय पाहावे, काय विचारावे हे कळावे, एवढाच माझा हेतू आहे.

पुणे-नगरकडच्या मराठी मंडळ्यांत वाढलेल्या आमच्यासारख्या लोकांना चर्चमधले पाळणाघर ही कल्पनाच प्रथम परकी वाटते. आपल्याकडे उपासनेच्या वेळी बाळ एका मावशीच्या मांडीवरून दुसऱ्या काकूंच्या कडेवर जाते, रडू लागले की आई त्याला घेऊन व्हरांड्यात येते, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. ते प्रेम खरे असते, यात मला शंका नाही. परंतु ती सगळी व्यवस्था ओळखीवर उभी असते, आणि मुलांना अपाय करणारी व्यक्ती बहुतेक वेळा कुटुंबाच्या ओळखीची, विश्वासातलीच असते, हे बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे लोक सातत्याने सांगत आले आहेत. या पाळणाघराचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण हाच, की तेथे ओळख ही पात्रता मानली जात नाही. वीस वर्षे मंडळीत असलेल्या आजींनाही तेच अर्ज, तीच चौकशी आणि तेच प्रशिक्षण लागू आहे, जे गेल्या वर्षी आलेल्या तरुण दांपत्याला आहे.

यामागे इतिहास आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सर्वोच्च परिषदेने १९९६ मध्ये मुलांवरील अत्याचार रोखण्यासंबंधीचा ठराव केला आणि त्यातून ‘सेफ सँक्च्युअरीज’ (सुरक्षित उपासनास्थाने) या नावाने ओळखली जाणारी नियमावली रुजली. अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांनी बालसंरक्षणाची सनद स्वीकारली ती जून २००२ मध्ये, याच डॅलस शहरात. आणि सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतील मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेच्या नेतृत्वाने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींकडे वर्षानुवर्षे कसे दुर्लक्ष केले, हे स्वतंत्र चौकशीच्या अहवालातून मे २०२२ मध्ये जगापुढे आले. म्हणजे येथील नियम कोणाच्या हौसेतून नव्हे, तर फार मोठी किंमत मोजून आलेले आहेत. पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. उपासनेच्या वेळी, आईवडील त्याच आवारात असताना चालणाऱ्या अशा पाळणाघरांना अनेक राज्यांत सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे तपासणीस येणारा अधिकारीही नसतो. चर्चने स्वतःवर घातलेली बंधने हेच तेथील मुलांचे खरे संरक्षण असते, आणि म्हणून ती बंधने कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

येथे ती प्रत्यक्षात आहेत. मंडळीत किमान सहा महिने नियमित आल्याशिवाय कोणालाही मुलांमध्ये काम करता येत नाही. गुन्हेगारी नोंदींची तपासणी झाल्याशिवाय आणि दोन व्यक्तींचा हवाला मिळाल्याशिवाय नाव यादीत येत नाही. प्रत्येक खोलीत कायम दोन प्रौढ असतात आणि ते एकमेकांचे नातेवाईक नसतात. नवरा-बायको मिळून एक खोली सांभाळायला तयार असले तरी तिसरी व्यक्ती आल्याखेरीज खोली उघडत नाही. प्रत्येक दाराला काच आहे व त्या काचेवर चित्र किंवा कागद चिकटवण्यास मनाई आहे. शाळकरी मुले मदतीला येतात, पण ती सांभाळावयाच्या मुलांपेक्षा किमान पाच वर्षांनी मोठी असावी लागतात, त्यांची गणती प्रौढांत होत नाही, आणि लंगोट बदलणे किंवा मुलांना स्वच्छतागृहात नेणे ही कामे त्यांच्याकडे दिली जात नाहीत. टेक्सासच्या कायद्यानुसार मुलावर अत्याचार होत असल्याचा सकारण संशय येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर तो कळवण्याचे बंधन आहे. चर्चच्या प्रशिक्षणात हे पहिल्याच तासाला सांगितले जाते, आणि ‘आधी पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारू’ असे म्हणून थांबायचे नाही, हेही स्पष्टपणे बजावले जाते. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत धीर देणारे वाटले.

मूल सोडताना आणि परत घेतानाची पद्धत साधी आहे. प्रवेशद्वाराशी नाव नोंदवले की एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या निघतात. एक मुलाच्या पाठीवर चिकटवली जाते आणि दुसरी पालकांकडे राहते. मुलाच्या चिठ्ठीवर ॲलर्जी ठळक अक्षरांत छापलेली असते. एकदा माझ्या नवऱ्याच्या खिशातून ती चिठ्ठी कुठेतरी पडली. दारातील स्वयंसेविका त्याला नावाने ओळखत होत्या, आदल्याच आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, तरीही त्यांनी शांतपणे पाळणाघराच्या समन्वयक बाईंना बोलावले, छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहिले, नोंदणीतील नावाशी पडताळले, वहीत सही घेतली आणि मगच मूल हाती दिले. नवऱ्याला क्षणभर संकोच वाटला असेल, पण घरी येताना आम्हा दोघांचेही मत एकच होते: जी बाई ओळखीच्या बापाला थांबवू शकते, तीच अनोळखी माणसालाही थांबवील.

तान्ह्या बाळांच्या खोलीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तेथेच आपल्या घरच्या सवयी आणि येथील नियम समोरासमोर येतात. माझ्या आईने नातीसाठी जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून पाठवली आहे. मुलीला तिच्यावाचून झोप येत नाही असे मी सांगितले, तेव्हा सेविकेने ती मांडीवर घेताना जरूर वापरू म्हटले, परंतु पाळण्यात ठेवण्यास नम्रपणे नकार दिला. पाळण्यात घट्ट, सपाट गादी आणि त्यावर ताणून बसवलेली चादर याखेरीज काहीही नसते: उशी नाही, पांघरूण नाही, मऊ खेळणे नाही. बाळाला उताणेच झोपवले जाते. ते कारच्या आसनात किंवा झोळीत झोपी गेले असेल, तर उचलून पाळण्यात ठेवले जाते. झोपेशी संबंधित कारणांनी अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३,५०० तान्ही बाळे दगावतात. १९९४ मध्ये बाळांना उताणे झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाल्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या शिफारशींतही हाच आग्रह कायम ठेवला आहे. हे समजल्यावर गोधडीचा मुद्दा माझ्यापुरता संपला.

मुलीच्या पायातले घुंगरांचे वाळे आणि गळ्यातली क्रुसाची नाजूक साखळीही खोलीत शिरण्यापूर्वी काढून ठेवावी लागते. सुटलेला घुंगरू दुसऱ्याच बाळाच्या तोंडात जाऊ शकतो आणि साखळी पाळण्याच्या गजात अडकू शकते, हे सांगितल्यावर कोणती आई वाद घालील? खेळण्यांच्या बाबतीतही अशीच काटेकोर नजर आहे. ३.१७ सेंटिमीटर व्यासाची एक छोटी नळी भिंतीला टांगलेली आहे आणि तिच्यात पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या खोलीत राहत नाही. चर्चच्या पाळणाघरांची एक जुनी अडचण म्हणजे मंडळीतील लोक प्रेमाने आणून देणारे जुने सामान. या चर्चने ती देणगी सरसकट बंद केली आहे, आणि ते योग्यच केले, कारण बाजू खाली सरकणाऱ्या ज्या पाळण्यांवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, असे पाळणे अजूनही लोकांच्या माळ्यांवर पडून असतात.

स्वच्छतेबद्दल तक्रार नाही. लंगोट बदलण्याचे टेबल खोलीच्या उघड्या भागात, दुसऱ्या व्यक्तीला दिसेल असे आहे. दर वेळी हातमोजे बदलले जातात, टेबल जंतुनाशकाने पुसले जाते आणि वेळ तक्त्यावर लिहिली जाते. ताप उतरून चोवीस तास झाले नसतील तर मूल घेतले जात नाही.

नियमांनी मूल सुरक्षित राहते, पण ते रमते माणसांमुळे, आणि या बाबतीत तान्ह्यांच्या खोलीचे मी मनापासून कौतुक करते. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून बाळ अनोळखी चेहऱ्याला बुजू लागते. दर रविवारी नवे स्वयंसेवक आले असते, तर आमच्या मुलीने ते पाळणाघर कधीच स्वीकारले नसते. येथे पगारी सेविका दर आठवड्याला तीच असते, आणि स्वयंसेवक महिन्यातून एकदा येत असले तरी त्यांचा रविवार ठरलेला असतो. त्यामुळे बाळ पहिल्यांदा त्या एका ओळखीच्या हातात जाते आणि मग हळूहळू इतरांकडे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक कार्ड भरून घेतले. मुलगी कशी झोपते, दूध किती कोमट लागते, घरी दुदू आणि गाईगाई यांसारखे कोणते शब्द वापरतो, हे सगळे त्यात होते. आणि पुढच्या रविवारी त्या टेक्सासच्या आजी तिला थोपटत खरोखरच ‘गाईगाई’ म्हणताना मी काचेतून पाहिले. पालकांनी मुलाची नजर चुकवून सटकू नये, निरोप घेऊन जावे, मग ते रडले तरी चालेल, असा त्यांचा आग्रह असतो. दहा मिनिटांनंतरही रडणे थांबले नाही तर आईवडिलांना बोलावतात. रडून रडून दमेल म्हणून सोडून देत नाहीत.

मेथडिस्ट परंपरेत बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याला प्रेमाने वाढवण्याचे वचन आईवडिलांबरोबर सगळी मंडळी देते. त्या वचनाला उठून उत्तर देणारे अनेक असतात. रविवारी उपदेश ऐकण्याऐवजी तासभर खाली बसून दुसऱ्याच्या मुलाचे नाक पुसणारे थोडे असतात, आणि माझ्या मते ती त्यांची उपासनाच आहे.

आता उणिवा. दुडदुडणाऱ्या मुलांची खोली तान्ह्यांच्या खोलीच्या तोडीची नाही. टेक्सासमधील परवानाधारक पाळणाघरांना अकरा महिन्यांपर्यंतच्या चार बाळांमागे एक सांभाळणारी व्यक्ती ठेवावी लागते, मात्र दोन वर्षांच्या मुलांसाठी हीच मर्यादा अकरा मुलांमागे एक इतकी सैल आहे. चर्चने स्वतःसाठी पाच मुलांमागे एक असा चांगला नियम केला आहे, परंतु ईस्टरला आणि नाताळच्या आधीच्या रविवारी तो पाळला गेला नाही. पाहुणे कुटुंबांची गर्दी झाली आणि कोणालाही परत पाठवायचे नाही या भावनेने खोली भरत गेली. त्या दिवसांत कोणाला इजा झाली नाही, पण एकदा आमचा मुलगा घाबरून कोपऱ्यात बसलेला मिळाला. पाहुण्यांना ‘जागा भरली आहे, मुलाला आपल्याजवळ घेऊन बसा’ असे सांगणे कठीण असते हे मला कळते, तरीही ते सांगितले पाहिजे. जो नियम वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी मोडतो, त्याची खरी गरज त्याच दिवशी असते.

पालकांना बोलावण्यासाठी फोनवर संदेश येतो, मात्र जुन्या दगडी उपासनागृहात फोन नीट चालत नाहीत. मागच्या भिंतीवर क्रमांक दाखवणारा फलक लावण्याची सूचना मी लेखी दिली आहे. खाऊमध्ये काय देणार याची यादी आधी मिळत नाही. द्राक्षे लांबीत चार तुकडे करून देतात, एक वर्षाखालील बाळाला मध असलेला पदार्थ देत नाहीत, एवढे मी स्वतः पाहिले आहे, पण दाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांना यादी दारावर हवीच. श्वास अडकल्यास करावयाच्या प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र फक्त पगारी सेविकांकडे आहे. प्रत्येक खोलीत प्रत्येक रविवारी किमान एका प्रशिक्षित व्यक्तीची खात्री असावी, असे मला वाटते.

महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांत असे काही सुरू करू पाहणाऱ्यांनी खर्चाची भीती बाळगू नये. दोन प्रौढांचा नियम, काचेचे दार, हजेरीची वही आणि सहा महिन्यांची वाट यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत. शिवाय मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवण्याचे बंधन भारतातही प्रत्येकावर आहे, हे रविवार शाळेच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

तान्ह्या बाळांच्या खोलीला मी पाचपैकी पाच गुण देते आणि मोठ्या मुलांच्या खोलीला तीन. गर्दीच्या रविवारांसाठी राखीव स्वयंसेवकांची यादी करण्याचे समन्वयक बाईंनी मान्य केले आहे, ती प्रत्यक्षात आली तर हे गुण मी आनंदाने बदलेन. नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी उपासनेच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे, दुधाच्या बाटलीवर व पिशवीवर मुलाचे नाव लिहावे, दागिने घरीच ठेवावेत आणि दोन्ही खोल्या आत जाऊन पाहण्याची विनंती करावी. ती विनंती येथे कधीही नाकारली जात नाही.