मीटरवर 4,112 मैल, टायरवर 3812

टायरवाल्याशी भांडून आलो त्याच रात्री हे लिहायला बसलो होतो. अर्धवट राहिलं ते बरं झालं, कारण पुढच्याच आठवड्यात मत बदलायची वेळ आली. तरी तावातावात लिहिलेला भाग खोडत नाही. पुढे भाव येईल म्हणून अशी गाडी झाकून ठेवावी की चालवावी, असं आमच्या मंडळात दोघांनी विचारलं होतं, त्याचं उत्तरही यातच आहे.

गाडी 2013 ची फोर्ड मस्टँग बॉस 302. 444 हॉर्सपॉवर, मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांची रेडलाइन (इंजिनाची कमाल मर्यादा) वगैरे वाचणाऱ्यांना पाठ असतं, त्यात शिरत नाही. रंग स्कूल बस यलो. हे नाव फोर्डनेच ठेवलंय, त्यामुळे बायकोला टोमण्यासाठी डोकं चालवावं लागलं नाही. "शाळा सुटली का?" एवढं विचारून ती आत जाते.

गेल्या सप्टेंबरात ओहायोतल्या एका आजोबांकडून घेतली. मीटरवर 4,112 मैल. बारा वर्षांत चार हजार! पुढे भाव येईल म्हणून त्यांनी ठेवली होती. मी 43 हजार डॉलर मोजले आणि त्यांनी नवी घेतानाही जवळपास तेवढेच दिले होते. 2013 चे 43 हजार म्हणजे आजचे साठेक हजार होतात. वर बारा वर्षांचा विमा, बॅटरी चार्ज ठेवणाऱ्या टेंडरची वीज, गराजमधली अडवलेली जागा आणि उंदरांसाठी बॉनेटखाली ठेवलेले ते सुगंधी कागद. थोडक्यात, आजोबांनी बारा वर्षं माझी गाडी फुकट सांभाळली.

हे कळायला मला वेळ लागला. पहिले दोन महिने मीही तेच धंदे केले. गाडी चालवताना रस्त्यापेक्षा ओडोमीटरकडे लक्ष, रिक्षात बसल्यावर मीटरकडे असतं तसं. वाणसामान आणायला जाऊन आलो की सहा मैल गेले, म्हणजे भावातून किती गेले, हा हिशोब. विमाही ठरलेल्या किमतीचा, वर्षाला पाच हजार मैलांच्या आत. स्वस्त पडतो, पण त्यानेही कंजूषपणाला खतपाणीच मिळतं. मग नोव्हेंबर आला. मिशिगनमध्ये बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागलं की (पत्रा गंजतो) अशी गाडी बाहेर काढायची नाही, ती थेट एप्रिलमध्ये.

मेमध्ये मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा. घराजवळच्या टायरच्या दुकानात गेलो. पोरगा वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, पंक्चर काढणार नाही, टायर दहा वर्षांच्या वरचे आहेत. मी म्हटलं, नक्षी बघ की! नखाने दाबून दाखवली. चार हजार मैलांत टायर कसा गोटा होईल? तो म्हणाला, नक्षीचा प्रश्न नाही, तारखेचा आहे, चारही बदला, फिटिंगसकट 1,280 डॉलर. आमच्या वडिलांनी सांगलीत टेम्पोला रिमोल्डवर रिमोल्ड चढवून दोन मुलांची शिक्षणं केली. त्यांच्या मुलाला हा पोरगा नवेकोरे टायर फेकायला सांगतो! मॅनेजरला बोलावलं, त्याच्याशीही वाजलं. शेवटी बारा डॉलरचं किट आणून घरीच रबरी दोरी खुपसली आणि या देशात दुरुस्ती कशी संपली आहे यावर चार परिच्छेद लिहून काढले. (ते मात्र गाळतो.)

तारीख मात्र बघितली. टायरच्या बाजूला डीओटी (अमेरिकी परिवहन खातं) या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. मजा अशी की पूर्ण आकडा टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, आणि माझ्या मागच्या दोन्ही टायरांवर तो आतल्या बाजूला. पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपलो, मोबाइल तोंडात धरला. 3812. म्हणजे 2012 सालचा अडतिसावा आठवडा. आकड्याभोवती केसाएवढ्या बारीक भेगा, उन्हात वाळलेल्या चिखलाला पडतात तशा. नख रुतवून बघितलं, रुतेना.

इथवर मेमधलं लिखाण.

आठवड्याने सकाळी रिमझिम होती, पारा पन्नास फॅरनहाइटच्या आसपास. हायवेच्या चढणीवर वळण घेताना दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला आणि गाडीचं बूड सुटलं. ट्रॅक्शन कंट्रोल चालू होतं, दिवा लुकलुकत होता, पण रबराचाच दगड झालेला, तो बिचारा काय करणार? अर्धी गिरकी घेऊन गवतात. कुणाला लागलं नाही, पत्र्यावर ओरखडा नाही. मागून येणाऱ्या बाईने काच खाली करून विचारलं, ठीक आहात ना, आणि पिवळा रंग बघून हसली. मस्टँग आणि फजिती हे समीकरण अमेरिकेत पोराटोरांनाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. पोरगा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

रविवारी आईला व्हिडिओवर हे सांगितलं, गवताचा भाग वगळून. ती म्हणाली, "अरे, पैठणी नुसती कपाटात ठेवली की घडीवर विरते. घडी मोडून ठेवावी लागते." बारा वर्षांत कोणी या गाडीची घडी मोडली नव्हती. टायर, बेल्ट, होस, ब्रेक फ्लुइड यांना मीटर वाचता येत नाही. ताकाता कंपनीच्या फुटणाऱ्या एअरबॅगचं प्रकरणही असंच होतं. उष्णता आणि दमटपणाने आतलं रसायन वर्षागणिक बिघडत जायचं, गाडी चालो न चालो. त्या रिकॉलमध्ये (दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत) या पिढीच्या मस्टँगही होत्या. कमी मैलांची गाडी घेणार असाल तर आधी तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल बाकी आहे का बघा. गराजमध्ये झाकलेली गाडी रिकॉलला कोण नेतो?

नवे टायर लागले आणि गाडीच वेगळी झाली. मुख्य म्हणजे मी हिशोब सोडला. कागदपत्रांच्या पाकिटात लाल किल्ली होती, आजोबांनी कधीच न वापरलेली. डीलरकडून तिचं सॉफ्टवेअर गाडीत टाकून घेतलेलं असेल तर ती लावली की इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलतं. जागेवर उभी असतानाही गाडी अशी अडखळत धडधडते की मला मळ्यातल्या विहिरीवरचं इंजिन आठवलं. दहा मिनिटं गराजच्या दारात नुसता ऐकत बसलो. हा आवाज बारा वर्षं पाकिटात बंद होता. आज मीटरवर 6,890 आहे आणि मागच्या सीटवर मुलाच्या फुटबॉलचा चिखल.

आता मंडळातल्या दोघांचा तो मूळ प्रश्न, झाकून ठेवावी की चालवावी. डॉजची चॅलेंजर डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली, शेव्हरोलेची कॅमारोही त्याच महिन्यात. तेव्हापासून सीटवरचं प्लॅस्टिक न काढता गाड्या झाकून ठेवायची लाट आहे. 1978 मध्ये कॉर्व्हेटच्या इंडी पेस कारचं (इंडियानापोलिसच्या शर्यतीत सगळ्यांपुढे धावणाऱ्या गाडीच्या खास आवृत्तीचं) हेच झालं. शेव्हरोलेने 6,502 बनवल्या, लोकांनी सोनं म्हणून कोंडून ठेवल्या. तेव्हाचे साडेतेरा हजार म्हणजे आजचे 65 हजारांच्या वर, आणि बहुतेक पेस कार अजून त्याच्या निम्म्यालाही जात नाहीत. सगळ्यांनीच जपल्या तर कमी मैलांचं अप्रूप कुणाला? 1987 ची ब्यूक जीएनएक्स दोन लाखांच्या घरात गेली, मान्य. पण त्या मुळात 547 च होत्या. तुमच्याकडे तशी असेल तर हे वाचत बसू नका. बाकीच्यांनी दुसऱ्याने जपलेली घ्यावी, टायरचे तेराशे भावातून कापून मागावेत (मी मागितले नाहीत, अजून झोंबतंय) आणि चालवावी.

एक भानगड उरली आहे. वुडवर्डच्या क्रूझमध्ये (डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची मिरवणूक) दरवर्षी घडीची खुर्ची टाकून बसणाऱ्या एका ओळखीच्याने फोनवर बजावलं, जुने टायर फेकू नकोस, लिलावात मूळ टायर सोबत असले की चार पैसे जास्त मिळतात. फेकवतही नव्हतेच. त्यामुळे 3812 चा तो सगळा संच काळ्या पिशव्यांत गुंडाळून तळघरात, गणपतीच्या मखराच्या खोक्यांपुढे रचलाय. चतुर्थीच्या आधी मखर काढायचं तर ते हलवावे लागतील. कुणा बॉसवाल्याला हवे असतील तर त्याआधी सांगा. पाठवणीचा खर्च तुमचा.