नवीन माणसाला जागा करून देणारं चर्च (चहा पण झकास)

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगतो.

जॉबसाठी नगरहून पुण्यात आलो (अहिल्यानगर अजून तोंडात बसलं नाही) आणि पहिले दोन महिने रविवार नुसता चर्च शोधण्यात गेला. आधी एका ठिकाणी गेलो होतो, नाव नको, तिथं माईकवरून पुकारलं की नवीन कोण आलंय त्यांनी उभं राहा, मग नाव गाव नोकरी लग्न झालंय का सगळं विचारून झालं, टाळ्या झाल्या, नंबर घेतला, आणि उपासना सुटल्यावर गेटपर्यंत एक माणूस बोलला नाही. घरी पोचेस्तोवर व्हॉट्सॲप ग्रुपात मात्र घातलेलं.

इथं तसलं काही नाही. मी उशिरा पोचलो, गीत चालू होतं, गपचूप मागच्या बाकावर टेकलो तर शेजारच्या मावशींनी काही न बोलता आपलं गीतांचं पुस्तक माझ्याकडं सरकवलं, बोट बरोबर चालू ओळीवर. गीत निघालं रेव्हरंड टिळकांचं (नगरचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक), पेटी-तबल्यावर, ते तर आम्हाला लहानपणापासून पाठ, पुस्तक परत दिलं आणि गायला लागलो. गीत संपल्यावर मावशी म्हणतात, "नगरचे का हो तुम्ही?" चालीवरून ओळखलं राव!

खरी पंचाईत पुढं. आमच्याकडची चर्च अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेली, ही मंडळी जुन्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाची. 1970 ला सगळे सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एक झाले ते खरं, पण गुडघ्यांना कोण सांगणार? इथं उभं राहा, बसा, गुडघे टेका, आणि मी आपला प्रत्येक वेळी एक पाऊल मागं. प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) आमच्याकडं ट्रेमधून छोटे पेले बाकापर्यंत यायचे, इथं उठून वेदीपाशी जायचं. मी तसाच बसलेला बघून मावशी हळूच म्हणाल्या, "घेता ना? मग या माझ्या मागं. घेत नसाल तरी या, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात." पुढच्या वेळी रूममेट सोबत आला, तो ख्रिस्ती नाही, त्यालाही हेच सांगितलं, तो म्हणाला मी बसतो, बस बाळा म्हणाल्या, विषय संपला. कुणी त्याच्या हातात पत्रकं कोंबली नाहीत.

नंतर अंगणात चहा आणि खारी. याच शहरात 1890 च्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं होतं, लोकमान्य आणि रानडे त्यात अडकले होते (हे टिळक वेगळे बरं का), आणि इथं रूममेट दुसरा कप मागतोय. पाळकसाहेब स्वतः कप घेऊन आले, दोन मिनिटं उभे राहिले, कुठं राहता, डबा लावला का, एवढंच. नंबर मागितला तिसऱ्या रविवारी, तोही मीच दिला.

आता कापलेला स्टार. ऑनलाइन वेळ साडेआठची दिसते, सुरू होतं आठला, त्यामुळं नवीन माणूस हमखास उशिरा पोचतो, सांगूनही अजून बदललेलं नाही. जाहिराती म्हणजे त्या आठवड्याच्या सूचना, त्या उपदेशापेक्षा लांबतात, आणि पंखे फक्त पुढच्या बाकांवर.

पहिल्यांदा जात असाल तर शेवटून दुसरा बाक, डावीकडं. मावशी असतातच.