तंबोऱ्याच्या कसोटीवर डिस्क प्लेअर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक वापरलेला युनिव्हर्सल डिस्क प्लेअर घेतला. सीडी, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ (या दोन्ही सीडीपेक्षा बारकाईने ध्वनी साठवणाऱ्या चकत्या), ब्लू-रे, जी चकती घालाल ती वाजवणारा. दहा महिने तो रोज संध्याकाळी दोन तास तरी चालू असतो, त्यामुळे आता त्याच्या आवाजाबद्दल ठामपणे काही सांगता येईल. मॉडेलचं नाव देत नाही. ते नवीन मिळणं बंद झालंय आणि मला जे आढळलं ते या जातीच्या बहुतेक प्लेअरना लागू आहे. तसेही असे प्लेअर आता कमीच उरलेत; या क्षेत्रात नावाजलेल्या ओप्पोनेसुद्धा २०१८ साली हे काम थांबवलं. चित्राबद्दल काही लिहीत नाही, टीव्ही मी फक्त मेनू बघण्यापुरता लावतो.

जोडणी अशी: प्लेअरच्या मागे सहा ॲनालॉग आउट आहेत, त्यातले पुढचा डावा आणि पुढचा उजवा हे दोनच वापरलेत. तिथून दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर आणि स्टँडवर ठेवलेले बुकशेल्फ स्पीकर. खोली बारा बाय चौदा. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर, नाही, आणि पुढे ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

आवाज पारखायला मी तंबोरा वापरतो. मी मिरजेत राहतो. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची दुकानं घरापासून पाच मिनिटांवर आहेत, तिथे बसून जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी धार, काढताना कितीतरी वेळा ऐकलंय. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी आला की मघापर्यंत बोथट वाटणारी तार एकदम उमलते आणि लांबवर गुंजत राहते. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेतून गंधारही ऐकू येतो, कोणी न छेडलेला, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश असतो, म्हणजे तिच्या मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा. हा आवाज कानात पक्का असल्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तो कुठे बिघडतो हे लगेच कळतं. गाणं मात्र फसवतं. गवय्या रंगात आला की कान प्लेअरला विसरतात, आणि ते योग्यच आहे.

पहिला महिना मी नाराज होतो. गंधार होता, जवारीची धार होती, पण खर्ज बसत नव्हता. तंबोरा वाजतोय पण भोपळा लहान आहे असं वाटायचं. तबल्यात तर फारच जाणवायचं. डग्ग्यावर मनगट दाबून घेतलेली मींड सुरू व्हायची, पण तिच्या खालचा घुमारा नाहीसा. मी केबल बदलली, स्पीकर भिंतीजवळ सरकवले, एकदा तर प्लेअर विकायला काढला होता.

कारण सापडलं ते मेनूत. स्पीकरच्या सेटिंगमध्ये आधीच्या मालकाने सगळे स्पीकर ‘स्मॉल’, सबवूफर ‘ऑन’ आणि सीमा १०० हर्ट्झ ठेवली होती. म्हणजे १०० हर्ट्झच्या खालचा आवाज प्लेअर माझ्या दोन स्पीकरना देतच नव्हता, तो सबवूफरच्या मोकळ्या आउटमधून जात होता, जिथे काहीच लावलेलं नाही. काळी एक पट्टीचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. त्याचा खर्ज ६९. खर्जाचा पायाच कापला जात होता. गंधार मात्र ३४६ च्या आसपास, म्हणून तो शाबूत. ‘लार्ज’ केलं, सबवूफर बंद केला, आणि डग्गा जागेवर आला. अशा प्लेअरचा आवाज ‘पातळ’ आहे असं जे कोणी म्हणतं, त्यांनी आधी हे पान उघडून बघावं. याच सेटिंगमुळे अनेक प्लेअर एसएसीडीचा मूळ एक-बिटी प्रवाह आधी पीसीएममध्ये, म्हणजे सीडी वापरते त्या प्रकारच्या डिजिटल रूपात, बदलतात, कारण त्याशिवाय त्यांना खालचा भाग वेगळा काढता येत नाही. म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेली एसएसीडी आपल्याला न कळताच दुसऱ्या रूपात वाजत असते.

हे निस्तरल्यावर प्रश्न आला की माझ्या जुन्या साध्या सीडी प्लेअरपेक्षा हा चांगला आहे का. पहिल्या दिवशी वाटलं, नक्कीच. गळा जवळ आला, तबल्याची किनार स्वच्छ. मग दोन्हीवर ४०० हर्ट्झचा एकच सूर लावून आउटचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजला. जुना २.० व्होल्ट, नवा २.२. फरक ०.८ डेसिबल. इतका फरक ‘मोठा आवाज’ म्हणून लक्षात येत नाही, तो ‘चांगला आवाज’ म्हणून लक्षात येतो. ऐकून प्लेअर घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते आणि दुकानात ती टाळायची सोयच नसते.

माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक इनपुटची पातळी अर्ध्या डेसिबलच्या पायरीने कमी करता येते. तसं करून फरक ०.२ वर आणला, त्याहून खाली गेला नाही. एका सीडीची दुसरी प्रत मित्राकडून आणली, दोन्ही प्लेअर एकाच वेळी सुरू केले आणि मुलीला सांगितलं, माझ्या पाठीमागे उभी राहून इनपुट बदल, किंवा बदलल्यासारखं करून तसाच ठेव. वीस वेळा ऐकलं. बरोबर आले अकरा. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, पुन्हा केलं. नऊ. तेव्हा साध्या सीडीसाठी, माझ्या खोलीत, माझ्या कानांना दोन्ही प्लेअर सारखे आहेत, हे मी मान्य केलंय.

मग या प्लेअरचं स्वतःचं असं काय उरतं? पुष्कळ उरतं, फक्त ते वेगळ्या ठिकाणी आहे.

एक म्हणजे शांतता. आलापाच्या सुरुवातीला नुसता तंबोरा चालू असतो तेव्हा प्लेअरच्या पेटीतून येणारी घरघर ऐकू येते की नाही, हे महत्त्वाचं. सीडीला हा प्लेअर अगदी गप्प असतो. डीव्हीडी-ऑडिओ घातली की चकती जास्त वेगाने फिरते आणि रात्री दीड मीटरवरून एक बारीक सळसळ कानावर येते. ती स्पीकरमधून येत नाही, पेटीतून येते. त्यासाठी मी प्लेअर स्पीकरच्या मधून काढून बाजूच्या कपाटात ठेवला आणि प्रश्न मिटला. पंखा असलेलं मॉडेल असेल तर मात्र हे आधी तपासाच.

दुसरं, जुन्या चकत्या. माझ्याकडे मैफिलींच्या घरी लिहिलेल्या बऱ्याच सीडी-आर आहेत, काही वीस वर्षांच्या. जुना प्लेअर त्यातल्या अर्ध्यांवर अडखळायचा. हा बहुतेक सगळ्या वाचतो. सीडीला ७८०, डीव्हीडीला ६५० आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो. एकाच डोक्यात हे सगळं बसवलेला प्लेअर सीडीकडे दुर्लक्ष करेल अशी मला भीती होती. ती खोटी ठरली. तीन चकत्या याच्यावरही वाजल्या नाहीत, पण त्यांचा रंगच उडालाय. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

तिसरी गोष्ट तक्रारीची. सीडीवर एकच ख्याल दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेला असला तरी हा प्लेअर सलग वाजवतो. पण तोच ख्याल एमपी३ करून डेटा डिस्कवर घातला की प्रत्येक ट्रॅकच्या मध्ये जवळजवळ एक सेकंद पोकळी पडते. विलंबित संपून द्रुत उचलतानाच तंबोरा तुटतो, आणि एकदा तर तालाची सम त्या फटीत गेली. मला हे सहन होत नाही. ज्यांचा संग्रह एमपी३ डिस्कवर आहे त्यांनी प्लेअर घेण्याआधी अशी एक चकती सोबत नेऊन ट्रॅकचा सांधा ऐकावा.

एसएसीडीबद्दल मी कमी बोलेन. माझ्याकडे सातच आहेत, सगळ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या. हायब्रीड चकतीवर सीडीचा आणि एसएसीडीचा असे दोन थर असतात, पण थर बदलायला प्लेअरला अर्धा मिनिट लागतं, आणि आवाजाची बारीक आठवण तेवढा वेळ टिकत नाही. शिवाय दोन थरांचं मास्टरिंग, म्हणजे चकतीसाठी ध्वनीवर केलेलं शेवटचं काम, एकच असेल असंही नाही. ऐकायला सुंदर वाटतं, पण त्याचं श्रेय चकतीच्या प्रकाराला द्यायचं की ध्वनिमुद्रकाला, हे माझ्या घरी ठरणार नाही. एवढं लक्षात ठेवा की ऑप्टिकल केबलमधून एसएसीडी वाजत नाही, त्यासाठी ॲनालॉग किंवा एचडीएमआयच लागतं.

मागच्या महिन्यात वाद्यं बनवणारे एक काका चहाला आले होते. मी काही न सांगता एक जुनी मैफील लावली. वीसेक मिनिटांनी त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “पंचम उतरलाय रे, मघाशी बरोबर होता.” मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खरंच, मध्यलयीच्या आसपास पंचमाची तार थोडी खाली गेलीय. ती सीडी माझ्याकडे पंधरा वर्षं आहे. काका गेल्यावर जुन्या प्लेअरवरही लावून बघितली, तिथेही तो उतरलेला पंचम तसाच ऐकू आला.